बीपी नॉर्मल आहे, पण पेशंट बरा दिसत नाही

निशाचर_सिस्टर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. मेडिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे, तिसरं वर्ष. गेल्या महिन्यातली एक नाइट डोक्यातून जात नाहीये. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

साठी उलटलेले एक काका. मधुमेह, बीपीची गोळी चालू. लघवीच्या इन्फेक्शनचा ताप म्हणून ॲडमिट, दुसरा दिवस. इव्हिनिंगच्या सिस्टरने ओव्हर देताना (म्हणजे ड्यूटी सोपवताना) सांगितलं, "आठ नंबर स्टेबल, ताप उतरलाय, काही नाही." दहाला औषधं द्यायला गेले तर माझ्याशी नातवाच्या गप्पा मारत होते. एकच्या राउंडला जागेच होते, पण गप्प. चादरीची कड दोन बोटांच्या चिमटीत धरून सारखी ओढत होते. म्हटलं, काका, झोप येत नाही का? तर म्हणाले, "गाडी लागली का?" कसली गाडी, असं विचारल्यावर माझ्याकडे नुसतं बघत राहिले.

बीपी ११८/७०. पल्स १०४. सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९५, ऑक्सिजन न लावता. तापमान ३६ सेल्सिअस. हात गार. चार्टवर श्वास १८ लिहिलेले, त्याच्या आधी १८, त्याच्याही आधी १८. मला काय वाटलं कोण जाणे, उभी राहून पूर्ण मिनिट मोजले. २६ भरले.

रेसिडेंट डॉक्टरांना फोन लावला. म्हटलं, "सर, आठ नंबरचे पेशंट बरे वाटत नाहीत." ते म्हणाले, "बीपी किती?" सांगितलं. "मग ठीक आहे की. ताप?" नाही. "बरं, बघत राहा, काही वाटलं तर सांगा." मी बघत राहिले. खरं म्हणजे उरलेल्या सत्तावीस जणांना बघत राहिले. साडेतीनला बीपी ८४/५०. मग धावपळ, आयसीयू. काका वाचले, चालत घरी गेले. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. पण ते अडीच तास गेले ते गेलेच.

तर अनुभवी मंडळींना विचारायचंय, की हे जे "काहीतरी बिनसलंय" असं वाटतं, ते नेमकं कशावरून वाटतं? आणि ते फोनवर सांगायचं कसं, म्हणजे समोरचा उठून येईल?

जुनी_टोपी

अगं, तुला कळलं होतं. कळलं नसतं तर मिनिटभर उभी राहून श्वास मोजले नसतेस. एक सांग, ॲडमिशनच्या वेळचं बीपी किती होतं? केसपेपर बघून सांग, मग बोलते.

(बत्तीस वर्षं वॉर्डात काढून निवृत्त झालेय. आमच्या वेळी टोपी असायची, त्यावरून आयडी.)

निशाचर_सिस्टर

त्याच रात्री बघितलं होतं, पण उशिरा, आयसीयूला पाठवताना. १५६/९०.

जुनी_टोपी

मग ११८ हे त्यांचं नॉर्मल नव्हतंच. दुसऱ्या कुणाचं तरी नॉर्मल होतं. त्यांच्या हिशेबाने अडतीसने खाली आलं होतं. पुस्तकातला आकडा सगळ्यांसाठी सारखा असतो, पेशंटचा आकडा त्याचा स्वतःचा असतो, आणि तो केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहिलेला असतो. ते पान रात्री कुणी उलटत नाही, ही खरी गोम.

आता हात गार का, ते बघ. शरीराला बीपी खाली जाऊ द्यायचं नसतं. मग ते हातापायांचं, कातडीचं, किडनीचं रक्त उसनं घेऊन मेंदू-हृदय चालवतं. म्हणून हात गार, लघवी कमी, पल्स वाढलेली. पेशींना रक्त पुरलं नाही की ॲसिड साठतं, ते बाहेर टाकायला श्वास वाढतो. ही सगळी उसनवारी चालू असेपर्यंत बीपी छान दिसतं. धडधाकट माणसाचं रक्त वाहून जात असलं, तरी जवळपास तीस टक्के जाईपर्यंत वरचं बीपी टिकू शकतं. बीपी पडलं याचा अर्थ उसनं मिळायचं बंद झालं. तू एकला बघितलंस ते उसनवारीच्या वेळी, साडेतीनला बघितलंस ते नंतर.

आणि "ताप उतरला" म्हणून खूश होऊ नये. म्हाताऱ्या माणसाला सेप्सिसमध्ये (इन्फेक्शनमुळे अवयव बिघडायला लागतात तेव्हा) ताप न येता अंग गार पडतं, असं मी कितीदा तरी पाहिलंय. तापमान उतरलं आणि माणूस तरतरीत झाला, तर ताप उतरला. तापमान उतरलं आणि माणूस बडबडायला लागला, तर ती वेगळी गोष्ट.

लघवी कधी झाली होती?

निशाचर_सिस्टर

कॅथेटर (लघवीची नळी) नव्हता. आणि मी विचारलंच नाही. :(

आकडेमोड

मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये पेशंट बिघडतोय का ते ओळखायला न्यूज नावाचा स्कोअर आणला, २०१७ मध्ये सुधारून न्यूज-२ केला. सात गोष्टी बघायच्या: श्वास, सॅच्युरेशन, ऑक्सिजन लावलाय की नाही, वरचं बीपी, पल्स, शुद्ध आणि तापमान. प्रत्येकाला ० ते ३ गुण, ऑक्सिजन चालू असेल तर त्याचे २. (सोळा वर्षांखालच्यांना आणि गरोदर बायकांना हा स्कोअर वापरत नाहीत.)

तुमच्या काकांचा काढला. श्वास २६ म्हणजे ३. सॅच्युरेशन ९५ ला १. पल्स १०४ ला १. तापमान ३६ ला १. बीपी ११८ ला शून्य. नव्याने आलेला गोंधळ, "गाडी लागली का", त्याला ३. एकूण ९. पाचला डॉक्टरांनी तातडीने येऊन बघावं, सातला किंवा वर अतिदक्षता जाणणाऱ्यांना बोलवावं, असं ते सांगतात. कुठल्याही एकाच गोष्टीला ३ आले तरी डॉक्टरांना बोलवायचं.

आता गंमत बघा. गंमत कसली म्हणा. श्वासाच्या जागी चार्टवरचे १८ धरा आणि शुद्धीच्या रकान्यात "अलर्ट" लिहा, जसं बहुतेक वेळा डोळे उघडे दिसले की लिहिलं जातं. तोच पेशंट, तीच वेळ, स्कोअर ३. मिनिटभर उभं राहिल्यामुळे आणि एक प्रश्न विचारल्यामुळे तीनचे नऊ झाले.

बहिरा_अलार्म

तो १८ आमच्याकडेही आहे. कधी कधी २०. अख्ख्या वॉर्डाचा श्वास एका तालावर चालतो. :)

नाइट_कॉल

फोनच्या त्या टोकाला मी असतो, म्हणून लिहितो. मी रेसिडेंट. कुणाची बाजू घेत नाहीये, काय होतं ते सांगतो.

एका रात्रीत तीन वॉर्ड आणि कॅज्युअल्टी माझ्याकडे. फोन वाजतच असतो. सलाईन संपलं, झोपेची गोळी हवीय, आयव्ही निघाली, नातेवाईक भेटायचं म्हणतायत. त्यात एक फोन येतो, "सर, पेशंट बरा वाटत नाही." मी जिन्यात उभा राहून एका हाताने दुसऱ्याच पेशंटचा रिपोर्ट बघत असतो. मला त्या वाक्यातून काहीच धरता येत नाही, म्हणून मी माझ्या सवयीचा प्रश्न विचारतो: बीपी किती? समोरून नॉर्मल आकडा आला की डोक्यात ती फाइल बंद. हे चूक आहे. पण असं होतं.

सिस्टर, तुमच्याकडे २६ होते. तुम्ही ते सांगितले नाहीत, आणि त्या डॉक्टरांनी विचारलेही नाहीत. दोघांच्या मध्ये तो आकडा पडून राहिला.

मला उठवतं ते पहिलं वाक्य. "येऊन बघा" हे आधी, कारण नंतर. असं काहीसं:

"सर, मेडिकलमधून सिस्टर बोलतेय, आठ नंबरला तुम्ही आत्ता येऊन बघावं म्हणून फोन केलाय. मधुमेही, लघवीचं इन्फेक्शन, दुसरा दिवस. दहाला नीट बोलत होते, आता असंबद्ध बोलतायत. श्वास २६, मी मिनिटभर मोजलेत. पल्स १०४. बीपी ११८, पण ॲडमिशनला १५६ होतं. हात गार. शुगर अमुक. मला सेप्सिसची शंका येतेय. तुम्ही येईपर्यंत दुसरी लाइन घेऊन ठेवते, कल्चरच्या बाटल्या काढते. किती वेळात याल?"

हे म्हणायला अर्धा मिनिट लागतो. एसबीएआर म्हणून शिकवतात ते हेच. परिस्थिती, पार्श्वभूमी, तुमचा अंदाज, तुमची मागणी. मुळात अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरची पद्धत, तिथून रुग्णालयांत आली. शेवटचा "किती वेळात याल" हा प्रश्न सोडू नका. त्यावर मी काहीतरी उत्तर देतो, आणि एकदा तोंडाने "दहा मिनिटं" म्हटलं की मला जावंच लागतं.

रात्रपाळीचा_ब्रदर

+१ शेवटच्या वाक्याला. "बघत राहा" म्हटलं की मी विचारतो, "काय बघू, आणि किती झालं की फोन करू?" मग डॉक्टरांनाही थांबून विचार करावा लागतो. "श्वास २५ च्या वर किंवा बीपी १०० च्या खाली गेलं तर सांगा" असं मिळालं की ते वेळेसकट नोट्समध्ये लिहून टाकायचं. काकांचे श्वास त्याच क्षणी २६ होते, म्हणजे तिथल्या तिथे उत्तर मिळालं असतं.

जुनी_टोपी

नाइट_कॉल, प्रामाणिकपणे लिहिलंत, आवडलं. पण एक हरकत आहे. "बरा वाटत नाही" ह्यातून काही धरता येत नाही म्हणता, ते मला पटत नाही. नेदरलँड्समध्ये काही संशोधकांनी हेच धरून बघितलं. नर्सना काळजी वाटते तेव्हा त्यांना नेमकं काय दिसलेलं असतं, त्याचे नऊ प्रकार काढले. श्वास बदलणं, हात-पाय-रंग बदलणं, थंडी वाजून कापणं, भान, अस्वस्थपणा, वेदना, अपेक्षेप्रमाणे सुधारणा न दिसणं, पेशंटने स्वतः "मला बरं वाटत नाही" म्हणणं, आणि नववं म्हणजे सांगता न येणारं, नुसतं नर्सचं निरीक्षण. हे नववं त्यांनी यादीतून काढून टाकलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. या गोष्टी बऱ्याचदा आकडे बिघडायच्या आधी दिसतात.

तेव्हा सिस्टरने आकडे द्यावेत, हे मान्य. पण सिस्टरने "कळत नाही, पण या" म्हटलं तर डॉक्टरने "काय बदललं?" एवढा एक प्रश्न विचारावा. "बीपी किती?" च्या जागी "काय बदललं?" त्या रात्री हा प्रश्न आला असता तर हिने चादर, गाडी, गार हात, सगळं आपोआप सांगितलं असतं.

नाइट_कॉल

मान्य. आजपासून विचारतो.

चष्मिष्ट

थोडा विरोधी सूर लावतो. निकाल कळल्यावर सगळ्यांनाच सगळं दिसतं. त्या रात्री वॉर्डात पल्स शंभरच्या वर असलेले अजून किती होते, सिस्टर? प्रत्येकासाठी असा फोन केला तर त्या डॉक्टरला झोप सोडा, श्वास घ्यायला वेळ मिळणार नाही, आणि आठवड्यात तो तुमचे फोन गांभीर्याने घेणं बंद करेल.

निशाचर_सिस्टर

प्रश्न रास्त आहे. अजून चार होते. एकाला ताप होता, एक नेब्युलायझरनंतरचे, एक ॲनिमियाच्या ताई, एक नुकतेच संडासला जाऊन आलेले. त्यांच्याबद्दल मला काही वाटलं नाही, हेही खरं.

जुनी_टोपी

तेच तर. चौघांच्या पल्सला तुझ्याकडे कारण होतं. आठ नंबरच्या पल्सला नव्हतं. चष्मिष्ट, एकट्या आकड्यावर कुणीच फोन करत नाही. तीन-चार बारीकसारीक गोष्टी एकाच दिशेला सरकतात, तेव्हा करतात. १९९० च्या एका अमेरिकी अभ्यासात वॉर्डात हृदय बंद पडलेले ६४ पेशंट घेतले, त्यातल्या ५४ जणांच्या नोंदींत आधीच्या आठ तासांत बिघाडाच्या किंवा नव्या तक्रारीच्या खुणा सापडल्या. बहुतेक पेशंट असे आधी सांगून जातात.

चष्मिष्ट

तो अभ्यास माहीत आहे. पण त्यात ज्यांचं हृदय बंद पडलं तेच पेशंट घेतलेत. तशाच खुणा असून काहीच न झालेले किती, ते त्यातून कळत नाही. मी तेच म्हणतोय. बाकी "कारण असलेली पल्स आणि कारण नसलेली पल्स" हे मात्र पटलं. हे मी विद्यार्थ्यांना सांगेन.

सुईवाली

सगळं ठीक, पण त्या रात्री शुगर बघितली का? कुणी विचारलंच नाही अजून! मधुमेही माणूस बहकून बोलतोय म्हणजे पहिली सुई बोटाला. आधी शुगर, मग बाकीचं.

आमच्याकडे एक आजी आल्या. उजवा हात उचलत नाही, तोंड वाकडं, बोलणं जडलेलं. सगळे स्ट्रोक स्ट्रोक म्हणत सीटीकडे ट्रॉली ढकलायला निघाले. शेवटचं नीट कधी बघितलं ते विचारून झालं, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. मी चालत्या ट्रॉलीवर बोट टोचलं. ३८! शिरेतून डेक्स्ट्रोज दिलं, काही मिनिटांत आजींनी उजव्या हाताने पदर सावरला. सीटी मग सावकाश झाला.

पण गोष्ट तिथे संपत नाही. आजींच्या शुगरच्या गोळ्या ग्लिमेपिराइडच्या, आणि किडनी आधीच अर्धी गेलेली. अशा माणसात ती गोळी अंगात रेंगाळते. सगळे "सुटलो" म्हणून पांगले, आणि तीन तासांनी शुगर परत ४९. तासातासाला बोट टोचायचं ठरवलं होतं म्हणून सापडली. ७० च्या खाली कमी, ५४ च्या खाली धोक्याची, हे सगळ्यांना पाठ असतं. वर आली की परत उतरू शकते, हे विसरतात.

आणि बीटा ब्लॉकर (बीपीची, हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी) चालू असलेल्या पेशंटला शुगर कमी झाली तरी धडधड, थरथर दिसणार नाही. घाम मात्र येतो. घाम बघा.

निशाचर_सिस्टर

बघितली होती हो, फोनच्या आधीच! १४२. लिहायची राहिली. (आणि सरांना सांगायचीही राहिली.)

बहिरा_अलार्म

आयसीयूत आहे, त्यामुळे माझा अनुभव उलटा. आमच्याकडे आकड्यांची कमी नाही, आकड्यांवर जास्त विश्वास ठेवल्याने फसतो. दोन गोष्टी सांगते.

दम्याचा एक तरुण मुलगा वॉर्डातून आमच्याकडे आला. वॉर्डातल्या नव्या सिस्टरने ओव्हर देताना आनंदाने सांगितलं, "मघाशी दारापर्यंत शिट्टी ऐकू येत होती, आता बंद झाली." मी स्टेथो लावला. शिट्टी बंद, आणि हवेचा आवाजही जवळजवळ बंद. शिट्टी वाजायला तरी हवा आतबाहेर व्हावी लागते ना. मुलगा पेंगुळला होता, आई म्हणत होती दमून झोप लागली. एबीजीत (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत) कार्बन डायऑक्साइड ४४. रिपोर्टवर त्याच्यापुढे लाल खूणही नव्हती, कारण ३५ ते ४५ नॉर्मल. पण मिनिटाला पस्तीस श्वास घेणाऱ्या माणसाचा तो ३५ च्या खाली असायला हवा. ४४ म्हणजे पोरगा थकला. पुढच्या वीस मिनिटांत ट्यूब टाकली. नव्या सिस्टरला कुणी रागावलं नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, की चांगलं लक्षण कोणतं ते बाकीचा पेशंट बघून ठरतं.

दुसरी गोष्ट सॅच्युरेशनची. ऑक्सिजन लावलेला, मॉर्फिन चालू असलेला पेशंट मिनिटाला आठच श्वास घेत असला तरी बोटावरचं यंत्र ९८ दाखवू शकतं. ते यंत्र रक्तात ऑक्सिजन किती ते सांगतं, श्वास पुरेसा आहे का ते सांगत नाही. शेगडीच्या धुराने कार्बन मोनॉक्साइड गेलेल्या माणसातही ते छान आकडा दाखवतं. बोट गार असेल तर भलतंच काही. गडद त्वचेवर यंत्र खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतं, हे २०२० मध्ये अमेरिकेत ठळकपणे पुढे आलं. आणि सीओपीडीच्या (फुफ्फुसाच्या जुनाट आजाराच्या), कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्या पेशंटला ९८ करायच्या नादात ऑक्सिजन वाढवू नका, त्यांचं लक्ष्य ८८ ते ९२.

मॉर्फिनला उतारा म्हणून नॅलोक्सोन दिला की तासाभरात त्याचा जोर ओसरू शकतो, मॉर्फिन अजून अंगात असतं. म्हणजे आजींच्या शुगरसारखंच. जागा झाला म्हणून पाठ फिरवू नये.

रात्रपाळीचा_ब्रदर

आकडेमोड यांच्या स्कोअरबद्दल एक पुस्ती. स्कोअर कमी म्हणजे सुखरूप असं नाही. माझ्याकडे एकजण आले होते, जबडा दुखतोय म्हणून. दाताचं असेल म्हणत होते. बीपी, पल्स, श्वास, सगळं जागेवर. स्कोअर शून्य. पण कपाळावर घाम, आणि घाम पुसताना हात थबकत होता. ईसीजी काढला, खालच्या भागाचा हार्ट अटॅक. छातीत, जबड्यात, खांद्यात, वरच्या पोटात दुखतंय आणि घाम आहे, तर दहा मिनिटांच्या आत ईसीजी, स्कोअर काहीही असो. मधुमेही, म्हातारी माणसं आणि बायका छातीचं नावही घेत नाहीत कधी कधी. नुसतं "थकवा" म्हणतात.

आणि खालच्या भागाचा अटॅक असेल तर जिभेखालची गोळी द्यायची घाई करू नका, उजव्या बाजूचा ईसीजीही काढून डॉक्टरांना दाखवा. हृदयाचा उजवा कप्पाही अटॅकमध्ये सापडलेला असेल तर त्या गोळीने बीपी धाडकन कोसळतं.

पाटी_पेन्सिल

नर्सिंग शिकवते, म्हणून थोडं मास्तरकी बोलते, माफ करा. ख्रिस्तीन टॅनर यांनी २००६ मध्ये नर्सच्या निर्णयाची चार अंगं मांडली: लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं आणि मागे वळून बघणं. आम्ही परीक्षेत दुसऱ्या-तिसऱ्यावर प्रश्न विचारतो. घोडं पेंड खातं ते पहिल्यावर. लक्षात येण्यासाठी आधी हा पेशंट एरवी कसा असतो ते माहीत लागतं. हिने दहाला नातवाच्या गप्पा मारल्या नसत्या, तर एकला गप्प काका तिला "शांत पेशंट" वाटले असते. त्या गप्पा म्हणजेच असेसमेंट होतं, चार्टवर त्याला रकाना नाही इतकंच.

दुसरं, ओव्हरमधला "स्टेबल" हा शब्द. मी विद्यार्थिनींना तो वापरू देत नाही. तो शब्द ऐकला की पुढची सिस्टर त्याच चष्म्यातून बघते, ताप उतरला म्हणजे सुधारणाच. त्याऐवजी "दुपारी १०१ होता, आता ९७, पण संध्याकाळपासून उठून बसले नाहीत" असं सांगा. ऐकणारीचं डोकं चालू राहतं.

बाकावरची_मुलगी

मी नर्स नाही, पेशंटची मुलगी आहे. लिहावं की नाही असं वाटत होतं.

माझे बाबा न्यूमोनियासाठी दाखल होते. तिसऱ्या दिवशी ते एकदम शांत झाले. त्रास नाही, तक्रार नाही, हाक मारली की डोळे उघडायचे, परत मिटायचे. मी दोनदा जाऊन सांगितलं की बाबा असे नाहीत, ते सतत काहीतरी विचारत असतात. मला सांगण्यात आलं की वय आहे, रात्री झोप झाली नसेल, झोपू द्या. संध्याकाळपर्यंत व्हेंटिलेटर. बाबा गेले. मला कुणावर आरोप करायचा नाहीये, सिस्टर खरंच एकट्या होत्या. पण "बाबा असे नाहीत" याच्यापुढे मी काय बोलायला हवं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

जुनी_टोपी

बाई, तुम्ही बोलायचं काहीच राहिलं नव्हतं. "बाबा असे नाहीत" हे पुरेसं होतं. ऐकायला आम्ही कमी पडलो.

धाग्यावरच्या सगळ्या पोरींनो, हे वाचा. आरडाओरडा करणारा, सलाईन उपटणारा पेशंट सगळ्यांच्या लक्षात येतो. डेलिरियमचा, म्हणजे आजारात अचानक भान हरपण्याचा, दुसरा प्रकार हा असा, निमूट. वॉर्डात तो "चांगला पेशंट" ठरतो. दिवसागणिक, तासागणिक बदलणारं भान, लक्ष न लागणं, हे वयाने एका दुपारीत होत नसतं. आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावा, लक्ष टिकतं का लगेच कळतं. आणि तो माणूस एरवी कसा असतो हे घरच्यांइतकं कुणाला माहीत? इंग्लंडमध्ये मार्था मिल्स नावाच्या तेरा वर्षांच्या मुलीचा २०२१ मध्ये सेप्सिसने मृत्यू झाला. आईवडील काळजी बोलून दाखवत होते. त्यानंतर २०२४ पासून तिथल्या रुग्णालयांत तिच्या नावाचा नियम येऊ लागला: घरच्यांना वाटलं की प्रकृती बिघडतेय आणि कुणी ऐकत नाहीये, तर त्यांना थेट वेगळ्या टीमला बोलावता येतं.

चष्मिष्ट

बाकावरची_मुलगी, लिहिलंत ते बरं केलंत.

"सिस्टर एकट्या होत्या" हेही सोडून चालणार नाही. लिंडा एकेन यांचा २००२ चा पेनसिल्व्हेनियातला अभ्यास आहे, ऑपरेशन झालेल्या पेशंटचा. एका नर्सकडे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. आणि इथे धागाकर्ती एकटीने अठ्ठावीस जणांना बघतेय. अठ्ठावीस जणांचे श्वास पूर्ण मिनिट मोजायचे म्हणजे नुसत्या त्यातच अर्धा तास. तो १८ आळसातूनच येतो असं नाही.

निशाचर_सिस्टर

म्हणूनच मी आता सगळ्यांचे मोजत नाही. खोटं कशाला सांगू. ओव्हर घेतल्यावर पाच-सहा जण निवडते: जे इन्फेक्शनचे आहेत, ज्यांना ऑक्सिजन आहे, जे मॉर्फिनवर आहेत, आणि ज्यांच्या घरच्यांनी काहीतरी म्हटलंय. त्यांचे पूर्ण मिनिट. चौथा गट बाकावरच्या_मुलीचा प्रतिसाद वाचल्यावर वाढवला.

परवाचं सांगते. बारा नंबरचे आजोबा अचानक अस्वस्थ, पाय झाडतायत, पल्स ११२, श्वास २४. त्यांच्या सुनेने सांगितलं, "हे असे कधीच करत नाहीत." शुगर बघितली, १३०. ॲडमिशनचं पान उलटलं, बीपी होतं तसंच. हात गरम. मग नाइट_कॉल यांनी लिहिलंय तसाच फोन केला, जवळजवळ शब्दशः. सरांनी विचारलं, "लघवी?" युरोबॅग हातात धरून बघितली तर तळाशी थोडीशीच, तीही मघापासून तेवढीच. सर म्हणाले, पोट बघा, मी येतोय. बेंबीखाली हात ठेवला तर नारळासारखं घट्ट. कॅथेटर तुंबला होता. ते येईपर्यंत फ्लश करून बघितला, मोकळा झाला आणि एकदम आठशे-साडेआठशे उतरली. आजोबा झोपलेसुद्धा. सर दारात आले तोवर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला ओशाळल्यासारखं झालं, म्हटलं, सर, उगाच बोलावलं. ते म्हणाले, "उगाच कसं? पोटाला हात लावला का तुम्ही त्याआधी?" नव्हता लावला.

सुईवाली

आठ नंबर आणि बारा नंबर दोन्ही वेळा लघवी विचारायची राहिली तुझी. :) हातावर लिहून ठेव.

नवी_भरती

सगळा धागा वाचला. पहिली पोस्टिंग आहे, बावळट प्रश्न विचारते. मी श्वास मोजायला लागले की पेशंट माझ्याकडे बघतात आणि श्वास बदलतो. काय करू?

जुनी_टोपी

बावळट नाही. मनगट धर, पल्स मोजतेयस असं वाटू दे. अर्ध्या मिनिटाने पल्स झाली की मनगट सोडू नकोस, तसंच धरून ठेव आणि नजर छातीवर ने. पांघरूण असेल तर तुझा हात त्याच्या मनगटासकट त्याच्या पोटावर ठेव, वरखाली होतं ते हाताला कळतं. बोलू नकोस, बोलू देऊ नकोस. आणि सेकंदकाट्याचं घड्याळ घे, मोबाइल काढलास की नातेवाइकांना वाटतं सिस्टर मेसेज बघतेय.